अमावास्येच्या रात्रीचे सभासद

पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेची स्थापना २२ ऑगस्ट १९४४ रोजी झाली. भारतात आजही चालू असलेल्या हौशी खगोल संस्थांमध्ये ती सर्वांत जुनी. त्याआधी १९१० मध्ये, हॅलेचा धूमकेतू आला त्या वर्षी, कोलकात्यात ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया निघाली होती. पण ती फार वर्षे तग धरू शकली नाही. हाच धूमकेतू १९८५-८६ च्या हिवाळ्यात परत आला आणि महाराष्ट्रात या छंदाला भरती आली. मुंबईचे खगोल मंडळ १९८५ मधले. कल्याणचे आकाशमित्र मंडळ त्याच परंपरेतले, आणि गोव्यात असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी या संस्थेने पणजीच्या जुंता हाऊसच्या गच्चीवर लोकांसाठी वेधशाळाच उभारली. गंमत अशी, की धूमकेतू त्या खेपेला अगदीच फिका निघाला. शहरातून तर तो धड दिसलाही नाही. त्याला पाहण्यासाठी जमलेली माणसे मात्र पांगली नाहीत.

या मंडळींना आधार देणाऱ्या संस्थाही या काळाच्या आगेमागे उभ्या राहिल्या. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगत होती. मुंबईत वरळीला नेहरू तारांगण १९७७ मध्ये सुरू झाले. पुण्यात १९८८ मध्ये आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था स्थापन झाली, आणि तिचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांच्या व्याख्यानांनी व ‘आकाशाशी जडले नाते’सारख्या पुस्तकांनी कितीतरी वाचकांना घराच्या गच्चीवर जायला लावले. तरीही हौशी मंडळ आणि संशोधन संस्था या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मंडळात बँकेतले कारकून असतात, शिक्षक, डॉक्टर, कॉलेजातली मुले, निवृत्त माणसे असतात. सभासद व्हायला पदवी लागत नाही, परीक्षा नसते. वर्षाची वर्गणी भरली की झाले. कुंडली आणि ग्रहदशा यांच्याशी या मंडळांचा संबंध नाही, आणि नवीन माणसाने तसा प्रश्न विचारलाच तर त्याला सहसा हसत हसत, पण ठाम उत्तर मिळते.

मंडळाचे वेळापत्रक पंचांगावर चालते, तेही अमावास्येच्या पानावर. चंद्राचा प्रकाश आकाशातल्या मंद वस्तू पुसून टाकतो, म्हणून अमावास्येच्या आगेमागे येणारा शनिवार निवडतात. दुसरी गरज काळोखाची. मुंबईचे निरीक्षक वर्षानुवर्षे कर्जतच्या वाटेवरच्या वांगणीला जात आले आहेत: संध्याकाळची लोकल पकडायची, रात्रभर आकाश पाहायचे आणि सकाळच्या गाडीने परत यायचे. इतर शहरांतली मंडळे अशीच एखादी शाळा, शेतघर किंवा माळरान शोधून ठेवतात. चांगली जागा मिळणे सोपे नसते. पठार हवे, दक्षिणेचे क्षितिज मोकळे हवे, पाणी आणि स्वच्छतागृह हवे, गावकऱ्यांची संमती हवी. काही वर्षांनी त्या बाजूलाही इमारती उठतात आणि पुन्हा नवी जागा शोधावी लागते.

अंधारात गेल्याबरोबर तारे दिसू लागतात हा गैरसमज पहिल्याच रात्री दूर होतो. डोळ्याची बाहुली काही क्षणांत मोठी होते. पण दृष्टिपटलातल्या मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी पूर्ण क्षमतेने काम करू लागायला वीस ते तीस मिनिटे लागतात. कोणी मोबाइल उघडला, की ही सगळी मेहनत वाया जाते आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. या पेशींवर लाल प्रकाशाचा परिणाम सर्वांत कमी होतो, म्हणून टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद बांधायची पद्धत आहे. निरीक्षणाच्या जागी गाडीचे दिवे लावणे हा मंडळातला सर्वांत मोठा गुन्हा समजला जातो, आणि ते रास्तच आहे.

सुरुवात दुर्बिणीने होत नाही. आधी सगळ्यांना सतरंजीवर आडवे करून तारकासमूह ओळखायला शिकवतात. जानेवारीतली अमावास्या असेल तर एका रात्रीत जवळजवळ सगळे आकाश डोळ्यांखालून जाते. अंधार पडता पडता पश्चिमेकडे शर्मिष्ठा आणि देवयानी, डोक्यावर कृत्तिका, पूर्वेला मृग. मृगाच्या पट्ट्याची रेघ एकीकडे वाढवली की व्याध, दुसरीकडे वाढवली की रोहिणी. रात्र चढते तसा दक्षिणेला अगस्त्य येतो, मागून मघा, मध्यरात्रीनंतर चित्रा आणि स्वाती. पहाटे दक्षिण क्षितिजाजवळ त्रिशंकू उभा असतो आणि पूर्वेकडून ज्येष्ठा घेऊन वृश्चिक वर येतो. मराठी माणसाला यातली बहुतेक नावे पाठ असतात. पावसाची नक्षत्रे, पंचांगातली नक्षत्रे, लग्नपत्रिकेतली नक्षत्रे त्याने ऐकलेली असतात. फक्त ती आकाशात कुठे आहेत हे कोणी दाखवलेले नसते. ही ओळख करून देणे हे मंडळाचे पहिले काम, आणि ते पुस्तकापेक्षा किंवा मोबाइलवरच्या ॲपपेक्षा शेजारी बसलेला अनुभवी माणूसच चांगले करतो.

महाराष्ट्र आणि गोवा यांचे अक्षांशही निरीक्षकाला अनुकूल आहेत. ध्रुवतारा पुण्यातून क्षितिजावर साधारण साडेअठरा अंशांवर दिसतो, म्हणजे बराच खाली; पण त्याच्या मोबदल्यात दक्षिणेचे मोठे आकाश उघडते. लंडनच्या निरीक्षकाला घरून अगस्त्य कधीच दिसत नाही. त्रिशंकू, मित्र आणि ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गोलाकार तारकागुच्छही त्याला दिसत नाहीत. पुण्या-कोल्हापुराकडे एप्रिल-मेच्या रात्री हे तिन्ही दक्षिणेला ठाण मांडून असतात. ओमेगा सेंटॉरी काळोख्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनी धूसर ताऱ्यासारखा दिसतो आणि सहा-आठ इंची दुर्बिणीतून त्याचे ठिपके ठिपके सुटे होतात.

दुर्बिणीपुढे रांग लागते तेव्हा नव्या माणसाची थोडी निराशा होते. पोस्टरवर लाल-निळ्या रंगांत पाहिलेला मृगातला तेजोमेघ आयपीसमध्ये राखाडी, किंचित हिरवट दिसतो. कॅमेरा मिनिटानुमिनिटे प्रकाश साठवतो. डोळ्याला ते जमत नाही, आणि मंद प्रकाशात त्याला रंगही जवळजवळ कळत नाहीत. अशा वेळी जुने सभासद वस्तूकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहायला सांगतात. दृष्टिपटलाच्या मध्यभागापेक्षा कडेचा भाग मंद प्रकाशाला अधिक संवेदनशील असतो, त्यामुळे नजर हलवताच तेजोमेघाचे पंख पसरलेले दिसतात. पाहणे ही शिकायची गोष्ट आहे. पहिल्या वर्षी ज्याला देवयानी दीर्घिका म्हणजे नुसता कापसाचा पुंजका वाटतो, त्यालाच पुढे तिच्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिकाही वेगळ्या काढता येतात. चंद्र, गुरूचे चार उपग्रह आणि शनीची कडी यांना मात्र असा सराव लागत नाही. शनी पाहून कोणी गप्प राहिला असे सहसा होत नाही. दुर्बिणीच्या टोकाला चित्र चिकटवले आहे का, असे विचारणाराही एखादा भेटतो.

दुर्बिणीचे खरे बळ ती वस्तू किती पट मोठी दाखवते यात नसून किती प्रकाश गोळा करते यात असते. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर असते. सहा इंची म्हणजे १५० मिलिमीटर व्यासाचा आरसा तिच्या साडेचारशे पटींहून अधिक प्रकाश गोळा करतो. जाहिरातीत ‘५०० पट’ असे लिहून विकल्या जाणाऱ्या छोट्या दुर्बिणी म्हणूनच फसव्या असतात. सुरुवातीला ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री पुरते. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल ते सांगतो, दुसरा भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये.

मोठी दुर्बीण हवी आणि पैसे बेताचे असतील, तर आरसा घरी घासता येतो. ही कला अनेक मंडळांनी कार्यशाळांमधून जपली आहे आणि आयुकानेही ती शिकवली आहे. एकाच मापाच्या दोन जाड काचा घेतात. एक खाली टेबलावर पक्की बसवतात, दुसरी तिच्यावर ठेवून मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची भुकटी घालतात आणि वरची काच पुढेमागे सरकवत, टेबलाभोवती फिरत घासत राहतात. काही तासांतच वरच्या काचेला खोलगटपणा येतो आणि खालची फुगीर होते. खोलगटपणा तरी केवढा? सहा इंची आरशाचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर ठेवायचे असेल, तर मध्यभागी तो जेमतेम सव्वा मिलिमीटर लागतो. मग भुकटी क्रमाने बारीक होत जाते. प्रत्येक टप्प्यावर काच, टेबल, हात, कपडे सगळे धुवावे लागतात, कारण आधीच्या जाड भुकटीचा एक कण राहिला तरी तो आरशावर ओरखडा उठवतो. शेवटी राळेच्या थरावर सिरियम ऑक्साइडने चकाकी आणतात.

यापुढचा भाग खरा किचकट. आरसा नुसता गोलाकार खोलगट असून चालत नाही, त्याला अन्वस्ताचा आकार द्यावा लागतो, आणि त्यातली चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशाइतकीच खपते. ती मोजायला प्रयोगशाळा लागत नाही, हे आश्चर्य. फ्रेंच शास्त्रज्ञ लेऑन फुको याने १८५८ मध्ये सुचवलेल्या चाचणीला एक छोटा दिवा आणि दाढीचे पाते पुरते. आरशावरून परतलेल्या किरणांच्या वाटेत पाते हळूच सरकवले की आरशावर उंचसखल सावल्या उमटतात, आणि कुठे अजून घासायचे हे त्यांवरून कळते. शेवटी निर्वात यंत्रात ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवून घेतात. कित्येक आठवड्यांच्या शनिवार-रविवारी हे काम चालते. अर्ध्यावर सोडणारेही पुष्कळ असतात. पण ज्याने आरसा पुरा केला, त्याला दुर्बिणीबद्दल पुन्हा काही समजावून सांगावे लागत नाही.

असा आरसा बसवायला जी साधी लाकडी, स्वस्त बैठक वापरतात तिला डॉब्सोनियन म्हणतात. मंडळात नुसते ‘डॉब’. ती लोकप्रिय करणारा जॉन डॉब्सन हा सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात १९४४ पासून संन्यासी म्हणून राहत होता. भंगारातल्या काचांचे आरसे करून तो दुर्बिणी मठाबाहेर नेई आणि रस्त्यावरच्या लोकांना आकाश दाखवी. मठाच्या शिस्तीत ते बसेना. १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला, आणि पुढच्याच वर्षी त्याने फुटपाथवर दुर्बीण लावणाऱ्यांची संघटना काढली. शिवाजी पार्कात किंवा एखाद्या चौपाटीवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवणारे कार्यकर्ते त्याचेच काम करत असतात.

हौशी निरीक्षणाला नोंदींची जोड मिळाली की ते विज्ञानाच्या कामी येते. मराठी मंडळांनी याकडे आणखी लक्ष द्यायला हवे, कारण आकाश दाखवण्याचे कार्यक्रम खूप होतात आणि त्या मानाने वह्या कमी भरतात. याबाबतीत आदर्श ठरावा असा माणूस बंगालमध्ये होऊन गेला. राधागोविंद चंद्र यांचा जन्म १८७८ चा. आजच्या बांगलादेशातल्या जेसोरला ते सरकारी खजिन्यात साधे कर्मचारी होते. १९१८ च्या जूनमध्ये गरुड तारकासमूहात नवतारा प्रकटला तो त्यांनी स्वतंत्रपणे पाहिला. पुढे रूपविकारी ताऱ्यांची निरीक्षणे करणाऱ्या अमेरिकी संघटनेशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला, आणि त्या संघटनेने त्यांच्यासाठी सहा इंची दुर्बीण जहाजाने पाठवली. १९१९ ते १९५४ या काळात त्यांनी सदतीस हजारांच्या वर नोंदी केल्या.

रूपविकारी तारा म्हणजे तेज कमीजास्त होणारा तारा. त्याची नोंद करायला यंत्र लागत नाही. ज्यांचे तेज माहीत आहे असे शेजारचे दोन तारे घ्यायचे, एक थोडा अधिक तेजस्वी आणि एक थोडा मंद, आणि आपला तारा त्या दोघांमध्ये कुठे बसतो ते ठरवायचे. तेज प्रतीत मोजतात; आकडा जितका मोठा तितका तारा मंद. सरावाने एक दशांश प्रतीपर्यंत अंदाज अचूक येतो. मृगातली काक्षी एरवी ०.५ प्रतीच्या आसपास असते. २०१९ च्या अखेरीस ती मंद होऊ लागली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरली. रोहिणीशी तुलना करून हा बदल नुसत्या डोळ्यांनी कोणालाही टिपता येत होता. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूपासून बनलेली धूळ आड आल्याने हे घडले, हे पुढच्या संशोधनात दिसून आले.

काही कामे तर एकट्याने होतच नाहीत. एखादा लघुग्रह दूरच्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा काही सेकंद तारा विझल्यासारखा होतो. याला पिधान म्हणतात. लघुग्रहाची सावली पृथ्वीवरच्या एका अरुंद पट्ट्यातून सरकत जाते. त्या पट्ट्यात काही किलोमीटरच्या अंतराने सात-आठ निरीक्षक बसवले आणि प्रत्येकाने तारा केव्हा गेला व केव्हा परतला याची अचूक वेळ घेतली, तर लघुग्रहाचा आकार आणि आकारमान कागदावर काढता येते. यात ज्याला तारा विझलेला दिसला नाही त्याची नोंदही तितकीच मोलाची, कारण कडा कुठे संपली ते तीच सांगते. उल्का मोजण्याची रीतही अशीच. डिसेंबरच्या १३-१४ तारखांना मिथुन राशीतून येणारा उल्कावर्षाव हा महाराष्ट्रासाठी वर्षातला सर्वांत भरवशाचा, कारण ऑगस्टमधला ययातीचा वर्षाव ढगांखाली जातो. प्रत्येकाला आकाशाची एक दिशा वाटून देतात; उल्केची वेळ, तेज आणि ती मिथुनेतली होती की भटकी, एवढे लिहायचे.

मार्चअखेरची अमावास्या आली की काही जण मेसिए मॅरेथॉन करतात. शार्ल मेसिए या अठराव्या शतकातल्या फ्रेंच धूमकेतूशोधकाने धूमकेतूंसारख्या भासणाऱ्या धूसर वस्तूंची यादी केली होती. तिच्यातल्या आजच्या ११० वस्तू एका रात्रीत शोधायच्या असा हा खेळ. त्याचा विज्ञानाला काही उपयोग नाही, पण आकाश पाठ होते.

पावसाळ्यात निरीक्षणे बंद. जून ते सप्टेंबर हे महिने व्याख्याने, आरसे घासणे आणि दुर्बिणींची डागडुजी यांत जातात. मे महिना मात्र शून्य सावलीचा. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या गावांत वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. मुंबई-पुण्यात पहिला दिवस मेच्या मध्याला येतो, नागपुरात २६ मेच्या सुमारास. दुसरा जुलैत, बहुधा ढगांआड.

सूर्यग्रहण असले की मंडळाला लग्नघराचे रूप येते. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास ग्रहण कारवार-हुबळीवरून गेले तेव्हा देशभर लोक दारे लावून घरात बसले होते. २४ ऑक्टोबर १९९५ ला, ऐन दिवाळीत, खग्रास पट्टा राजस्थान ते बंगाल असा गेला आणि महाराष्ट्रातून निरीक्षक फराळाचे डबे घेऊन तिकडे गेले. २२ जुलै २००९ च्या ग्रहणाने सुरतेकडे गेलेल्यांना ढग दाखवले. भारतातून खग्रास ग्रहण आता २० मार्च २०३४ रोजी काश्मीर-लडाखकडे दिसेल. त्याआधी २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास स्थिती राहणार आहे. महाराष्ट्रात त्या दिवशी खंडग्रास, तेही पाऊस उघडला तर. ग्रहणाला मंडळाचे मुख्य काम डोळे सांभाळण्याचे असते. क्ष-किरणांची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल हे सगळे घातक. प्रमाणित ग्रहणचष्मा किंवा १४ क्रमांकाची वेल्डिंगची काच वापरावी, आणि दुर्बिणीला तर तिच्या तोंडावर बसणारी सौर गाळणीच हवी.

काळोख मात्र दरवर्षी आक्रसत आहे. आकाशाची काळोखी मोजणारी नऊ पायऱ्यांची श्रेणी जॉन बॉर्टल या अमेरिकी हौशी निरीक्षकाने २००१ मध्ये मांडली. महानगरे तिच्या शेवटच्या पायऱ्यांवर बसतात, जिथे आकाशगंगेचा पट्टा दिसण्याचा प्रश्नच नसतो. जानेवारी २०२४ मध्ये विदर्भातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलून त्यांचा प्रकाश खाली वळवण्यात आला. हे इतर तालुक्यांतही करता येण्यासारखे आहे: दिव्याला टोपी हवी आणि रंग पिवळसर हवा, एवढीच गोष्ट. वीजही वाचते.

ज्याला या छंदात यायचे आहे त्याने दसऱ्यानंतर आपल्या शहरातल्या मंडळाची पहिली रात्र गाठावी. बरोबर सतरंजी, स्वेटर, कानटोपी, पाण्याची बाटली, लाल कागद लावलेली टॉर्च, एक वही आणि पेन्सिल असावी. नोव्हेंबरनंतर माळावर पहाटे दव पडते, तेव्हा अंगावर घ्यायला जाड पांघरूणही हवे. लहान मुलांना जरूर न्यावे, पण रात्रभर जागायची सक्ती करू नये. दुर्बीण विकत घेण्याचा विचार पहिला हंगाम संपेपर्यंत लांबणीवर टाकावा. तोवर मंडळाच्या चार-पाच दुर्बिणींतून पाहून होते आणि आपल्याला कोणती हवी, किंवा मुळात हवी की नको, हे फुकटात कळते.